वायर न लावता

वायर न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर केवढा आवाज येतो, हे ज्यांच्या घरात ती कधी नव्हती त्यांना सांगणं अवघड आहे. स्प्रिंगच्या वहीवरून नख ओढावं, जवळपास तेवढा. शेजारच्या खोलीत तो पोचत नाही. पंखा चालू असेल तर वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. मी वर्षभर ती तशीच वाजवली. ठाकुर्लीच्या घरात, दुपारी, पंखा बंद करून, घाम पुसत.

गिटार माझ्या बायकोची. ती गेली तेव्हा गणपतींचं विसर्जन नुकतंच झालं होतं. आजार लांबला नाही. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

ती माजिवड्याच्या गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती केलेल्या ख्रिस्ती घरातली. मी डोंबिवलीत वाढलेला, कोकणातून आलेल्या घरातला. ती शाळेत गणित शिकवायची. मी घरी बसून प्रकाशकांची मुद्रितं तपासतो, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढतो. आठवडाभर आमच्या घरात माझी पानं आणि तिच्या उत्तरपत्रिका यांचाच काय तो आवाज असायचा. शनिवार-रविवारी मात्र ती गिटार पाठीला लावून माहेरी जायची, कारण तिच्या माहेरचा बँड होता. धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, बेस गिटार वाजवायचा, चुलतभाऊ कीबोर्डवर, ड्रमवर गल्लीतला एक जण, आणि लीड गिटार तिच्याकडे. नात्यातली आणि ओळखीतली लग्नं, एवढंच त्या बँडचं जग. नवखे पाहुणे तिच्याकडे टक लावून बघायचे. पन्नाशीतली बाई, चष्मा नाकावर घसरलेला, आणि कोणाच्या तरी पेपरात चूक सापडल्यासारख्या भुवया आक्रसून ती तारांकडे बघत असायची.

लीड म्हणजे नेमकं काय, हे लग्नानंतर पुष्कळ वर्षं मला कळलं नव्हतं. बाकीचे गाणं उभं करतात आणि लीडवाला त्यावर एक छोटी सुरावट वाजवतो, पुन्हा पुन्हा. पुढे लोक त्या सुरावटीवरूनच गाणं ओळखतात. तिला रिफ म्हणतात. माजिवड्याच्या घरात 'तुकडा' म्हणत. "तुकडा नीट पडला पाहिजे, मग बाकी काही चुकलं तरी चालतं," असं माझा मेहुणा म्हणायचा, आणि तो स्वतः बाकीच्यांत मोडत असल्याने हे त्याच्या सोयीचंही होतं.

तिचा स्वतःचा असा एकच तुकडा होता. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायला जातात. बायका कळशा घेऊन, सगे-सोयरे नाचत, वाजत गाजत विहिरीवर जातात आणि तिथलं पाणी नवरीच्या किंवा नवऱ्याच्या आंघोळीला आणतात. ही मिरवणूक घरातून निघताना काय वाजवायचं ते तिने तरुणपणी बसवलं होतं. जाड तारेवर चार सूर चढतात, मग बोट तारेवरून न उचलता वर घसरत जातं, पातळ तारेवर एक सूर ओढून धरला जातो, आणि तिथून पायऱ्या उतरल्यासारखं खाली. संपलं. तो वाजला की आतल्या खोलीत साडीला पिना लावत बसलेल्या बायकासुद्धा उठत.

ती गेल्याला महिना झाल्यावरच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही सगळे माजिवड्याला जमलो होतो. मिस्सा झाल्यावर घरी चहा-पाव झाला आणि मेहुण्याने विषय काढला. त्याच्या मुलीचं लग्न आधीच ठरलेलं होतं. घरात वर्षभर दुःख पाळायचं म्हणून ते वर्षाच्या मिस्सानंतर ढकललं होतं.

"पाण्याला बेंजो पार्टी सांगू," तो म्हणाला. "हल्ली सगळेच सांगतात."

"बेंजो नको," सासूबाई म्हणाल्या. "आपला बँड हाय ना."

"आहे. पण लीड कोण वाजवणार?"

"कोणी नको वाजवू. तिची जागा रिकामी ठेव."

"आई, रिकाम्या जागेवर लोक नाचत नाहीत गं."

कीबोर्डवाला चुलतभाऊ मधे पडला. "मी घेतो ना तो तुकडा. कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज आहे, बटण दाबलं की झालं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "बटण दाबून तिला आणतोस?" त्या म्हणाल्या.

आठवड्याभराने चुलतभावाने तो तुकडा वाजवून मला मोबाइलवर पाठवला, सगळ्यांचं मत घेत होता म्हणून. मी ठाणे स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये इयरफोन लावून तो ऐकला. एकही सूर चुकलेला नव्हता. मुद्रित असतं तर मी सही करून परत पाठवलं असतं. पण चढून गेल्यावर ती जिथे तार ओढायची, एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधला जो सगळा प्रवास ऐकू यायचा, तिथे कीबोर्डवर दोन स्वच्छ, वेगवेगळे सूर होते. मधे काही नव्हतं. मी तो पुन्हा ऐकला. मला वाटलं, हा असाच त्या संध्याकाळी वाजला तर पुढच्या लग्नातही असाच वाजेल, आणि त्यानंतर हाच खरा होईल. मूळ पाठ कोणाला आठवणार नाही. माझ्या कामात हे मी नेहमी पाहतो.

ठाकुर्लीला घरी आलो आणि पलंगाखालून गिटार काढली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. मला सा कुठला तेही कळत नव्हतं.

वर्षभर वाजवायचं नाही हा त्यांच्या घरचा नियम. पण त्यात एक पळवाट होती, तीही तिचीच. सासरे गेले त्या वर्षी ती माहेरी काही दिवस राहिली होती आणि दुपारी खोलीत बसून वाजवताना सासूबाईंनी तिला पकडलं होतं. तिने कपाट उघडून दाखवलं, "ही बघ, वायर इथे आहे. वायर नाही तोवर हे लाकूड." सासूबाईंनी रविवारी चर्चमध्ये फादरना विचारलं. फादर म्हणाले, यात मी पडत नाही. तेव्हा ते मान्य झालं असं धरण्यात आलं.

तर मी लाकूड वाजवत होतो. इंटरनेटवर एक तरुण हिंदीतून शिकवायचा, दर वाक्याला "एकदम आसान है" म्हणत. पहिले कित्येक आठवडे डाव्या हाताची बोटं इतकी दुखली की मुद्रिताची पानं उलटताना मी उजवा हात वापरायला लागलो. बोटांच्या टोकांची कातडी सोलली, पुन्हा आली, मग जाड झाली. करंगळी माझ्या मालकीची नाही हेही कळलं. ती मनाला येईल तिथे पडायची. संगीत ऐकून शिकतात असं मी समजत होतो. मला तर वाटलं, हे सुतारकामासारखं आहे, बोट दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या अलीकडे किती, पलीकडे किती.

नमुना म्हणून माझ्याकडे एकच चित्रफीत होती, भाचीने, म्हणजे लग्न ठरलेल्या त्या मुलीने, आधीच्या कुठल्याशा लग्नात मोबाइलवर काढलेली. लोकांची डोकी, फटाके, मधेच कोणाचा तरी खांदा, आणि सुरुवातीला, वाजवायच्या आधी, भावाकडे वळून ती म्हणते, "चल, घे." मोबाइलवर वेग कमी करता येतो. अर्ध्या वेगावर लावलं की बोटं दिसायची, पण ते "चल, घे" फार लांब व्हायचं. ते माझ्याच्याने ऐकवेना. म्हणून मी नेहमी तेवढं सोडून पुढून लावायचो. याचा परिणाम असा झाला की तुकड्याचा पहिला सूर कधी सुरू होतो ते मी ऐकतच नव्हतो, आणि माझी सुरुवात कायम जराशी उशिरा पडत होती. हे लक्षात आलं तेव्हा नाताळ होऊन गेला होता. मग मी ते ऐकायला लागलो. काही दिवसांनी ते नुसतं ताल सुरू करण्याची खूण झालं. त्याचंही मला वाईट वाटलं.

उन्हाळ्यापर्यंत चार सूर चढायला लागले. घसरणं जमलं. तार ओढणं शेवटी आलं. एका बोटाने नाही, तीन बोटं एकमेकांना टेकवून, मनगट वळवून ओढायची असते. पहिल्यांदा तो सूर हवा तिथे पोचला तेव्हा मी थांबलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. पावसाळ्यात तुकडा पूर्ण वाजू लागला, तिच्या वेगाने नाही, पण सलग. मी स्वतःवर खूश होतो. कानाजवळ गिटारचं लाकूड धरून, वाकून, मी तो वाजवायचो आणि मला तो बरोबर ऐकू यायचा.

वर्षाचा मिस्सा झाला. गिटार मी सोबत नेली होती. त्या दुपारी जेवणं उरकल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की पाण्याच्या वेळचा तुकडा मला वाजवायचा आहे. त्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, वर्षभराचा काळा पोशाख त्याच सकाळी उतरवलेला. समोर पूर्वी त्यांची भातजमीन होती, आता घोडबंदर रोडकडचे टॉवर दिसतात.

"तुला काय येतं?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच."

"कोणी शिकवलं?"

मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो बघितला नाही. "मना ऐकव," त्या म्हणाल्या. "मग बघू."

मेहुणा आणि भाची दोघांनाही हे नवीन होतं. मेहुणा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी तलाव पोहून आलोय. त्याने अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, ओढून आणला, वायर लावली, बटणं फिरवली. मी बसलो. पहिला सूर वाजवला.

घरात काहीतरी कोसळल्यासारखं झालं. माझा सूर त्यात कुठेतरी होता, पण त्याच्यासोबत बाकीच्या तारा घोंघावत होत्या, बोट सरकताना करवतीसारखं खरखरत होतं, आणि तार ओढल्यावर वरची तार माझ्या बोटाला लागून एक वेगळीच किंकाळी निघाली. मी वाजवत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. शेवटी थांबलो तेव्हाही गिटार थांबली नाही. कुठली तरी तार गुणगुणत राहिली. मेहुण्याने हात टाकून ती बंद केली.

सासूबाई उठून आत गेल्या.

"भावजी," मेहुणा म्हणाला, "वायर न लावता शिकलात?"

"हो."

"वर्षभर?"

"वर्षभर."

त्याने डोक्याला हात लावला, पण हसला नाही. बेस बाजूला ठेवून माझ्याजवळ बसला. त्याने जे सांगितलं ते इंटरनेटवरच्या शिकवणीत मी नीट ऐकलं नव्हतं, किंवा तेव्हा मला ते लागू वाटलं नव्हतं. वायर नसताना फक्त छेडलेली तार ऐकू येते. बाकीच्या पाच हलतात, पण त्यांचं कोणाला कळत नाही. अँपला सगळं सारखंच. त्यामुळे लीड वाजवणाऱ्याचं निम्मं काम एक तार वाजवणं आणि निम्मं काम पाच तारा गप्प ठेवणं. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर टेकलेली हवी, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पोट पातळ तारांना नुसतं शिवलेलं हवं. शिवाय ऐकू यावं म्हणून मी वर्षभर जोरात छेडत आलो होतो. अँपवर त्याची गरजच नव्हती.

"तुम्ही सूर सगळे बरोबर शिकलात," तो म्हणाला. "गप्प बसवायचं राहिलं."

"लग्नाला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात होईल?"

"नाही होणार," तो म्हणाला. मग अँपचं बटण कमी करत, "दीदीला पण किती वर्षं लागली. ती आधी चर्चमध्ये गाण्यांच्या मागे नुसत्या कॉर्ड वाजवायची, कोणाला आठवत नाही आता."

भाची तेवढ्यात आपल्या केसांचं जाड मखमली रबर काढून आली. "अंकल, हे लावा. गिटारच्या गळ्यावर, वरच्या टोकाला. माझ्या ऑफिसातला एक जण लावतो. मोकळ्या तारा वाजत नाहीत."

मेहुण्याने नाक मुरडलं. "चीटिंग आहे ही."

"पप्पा, लग्न माझं आहे."

रबर लावलं. निम्मा गोंगाट गेला. उरलेला निम्मा माझा होता.

ते तीन आठवडे मी कामाची पुस्तकं उशिरा पाठवली. अँप ठाकुर्लीला आणला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात विचारलं, "काका, क्लास सुरू केला का?" मी म्हटलं, हो, मीच विद्यार्थी. आवाज अगदी कमी ठेवून मी तुकडा सोडला आणि एकच तार वाजवत बसलो, बाकीच्यांवर हात ठेवून. हे तुकड्यापेक्षा कठीण होतं. वाजवणं दिसतं, हे दिसत नाही. तिची चित्रफीत मी पुन्हा लावली आणि आता पहिल्यांदा मला तिचा उजवा तळवा दिसला, तारांवर कसा पडून आहे ते. आधी कधी मी तिकडे बघितलंच नव्हतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत समोर बसून ऐकतानाही नाही. अधूनमधून तुकडा वाजवून बघायचो. कधी स्वच्छ पडायचा. बहुतेक वेळा नाही.

सासूबाईंनी पुन्हा ऐकायला मागितलं नाही. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मेहुण्याने चुलतभावाला सांगून ठेवलं की कीबोर्डचं बटण तयार ठेव. मलाही तसं सांगितलं. त्यात मला वावगं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी अँप, बेसचा स्पीकर आणि ड्रम एका हातगाडीवर बांधले होते, मागे एक जनरेटर. मांडवात फुग्यांचा, म्हणजे त्यांच्या तळलेल्या गोल पावांचा, आणि मटणाचा वास. बायका कळशा घेऊन दारात उभ्या होत्या, लुगड्यांत, अंगावर जुने दागिने. मी हातगाडीच्या बाजूला, गळ्यात गिटार, वायर पायात येऊ नये म्हणून चुलतभावाच्या मुलाने उचलून धरलेली. सासूबाई उंबऱ्यावर आल्या. त्यांच्याशिवाय मिरवणूक निघत नाही.

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. ड्रमवाल्याने काठ्या आपटून मोजलं. मोजणी चित्रफितीतल्यापेक्षा हळू होती. मेहुण्याने त्याला तसं सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. मी वाजवलं.

चार सूर चढले. बोट घसरत वर गेलं. तार ओढली, ती पोचायची तिथे पोचली नाही, किंचित अलीकडेच राहिली, पण गप्प राहायच्या तारा गप्प राहिल्या. पायऱ्या उतरलो. बेस आणि ड्रम आत आले, आणि सासूबाईंनी पाऊल बाहेर टाकलं. मी बोटांकडे बघत असल्यामुळे हे मला दिसलं नाही, भाचीने सांगितलं. मला फक्त हातगाडी हललेली कळली, कारण वायर ताणली गेली.

आता अडचण अशी होती की तुकड्यानंतर ती नेहमी गाणं सुरू करायची. मला गाणं येत नव्हतं. मी पुन्हा तुकडा वाजवला. चुलतभावाने त्याच्यावर काही सूर धरले. मी पुन्हा वाजवला. एका वळणावर करवतीसारखा आवाज निघाला आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. मी थांबलो नाही.

"भावजी," मेहुणा ड्रमच्या वरून ओरडला, "दुसरं काय येतं?"

"हेच."

"मग हेच."

टॉवरच्या फाटकाशी रखवालदाराने गाड्या अडवून धरल्या होत्या. वरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइल धरून उभे. विहीर त्या टॉवरच्या कुंपणाला लागून आहे. एरवी लोखंडी जाळीने झाकलेली असते, लग्नापुरती उघडतात. तिथपर्यंत मी एवढंच वाजवत गेलो. हळू ताल असल्याने म्हाताऱ्या बायकाही त्यावर नाचत होत्या, एरवी त्या नुसत्या चालतात. दर फेरीला मी तार ओढत होतो आणि दर फेरीला ती वेगवेगळ्या ठिकाणी पोचत होती. बोटावरचा घट्टा फाटला होता. विहिरीवर पाणी काढताना बँड थांबतो. मी थांबलो आणि सगळ्या तारांवर दोन्ही तळवे ठेवून उभा राहिलो.

परतीच्या वाटेला रिवाजाप्रमाणे जलद गाणी होती. ती चुलतभावाने सांभाळली. मी गिटार हातगाडीवर ठेवली आणि बायकांच्या मागून चालू लागलो. सासूबाई थकल्या होत्या, कळशी काखेत, पाणी हिंदकळून लुगडं ओलं झालेलं. त्या माझ्या पुढे होत्या. थांबल्या.

"उद्या चर्चमधून आल्यावर वऱ्हाड दारात येल," त्या म्हणाल्या. "तेव्हा पण वाजव."

"आई, मला एवढंच येतं."

"मग एवढंच वाजव," त्या म्हणाल्या, आणि कळशी माझ्या हातात देऊन पायातून निघालेली चप्पल शोधायला खाली वाकल्या.